ओइसाठी राखलेला घास

मित्रांनो, मी एक जुना मातीचा खल आहे. माझ्या कडेचा टवका उडाला आहे. पोटात पावसाचे पाणी साचते आणि सकाळी कोंबड्या ते पिऊन जातात. मला पाहून तुम्हाला वाटेल, कोणाची तरी टाकून दिलेली कुंडी असेल. पण जरा जवळ येऊन वास घ्या. लसूण आणि लिंबू अजून माझ्या अंगात मुरलेले आहेत.

माझा जन्म मून नदीच्या काठचा. तिथली तांबडी माती भाजली की लोखंडासारखी काळपट होते. भट्टीतून आम्ही निघालो तेव्हा माझ्या शेजारचे दोघे तडकले होते. मी शाबूत राहिलो. बुआलाय नावाची एक बाई आली, तिने बोटाच्या पेराने मला टकटक केले आणि कान लावून ऐकले.

"हा बोलतो चांगला," ती कुंभारणीला म्हणाली. "पण बोलतो म्हणून भाव चढवू नकोस हं."

कोराट शहरात बसथांब्यामागे एक उघडे आवार होते. वर छप्पर नाही, नुसती झाडे आणि दिव्यांच्या माळा. कडेने खाण्याचे गाडे, मध्ये पत्र्याची टेबले, प्रत्येक टेबलावर हात पुसायला गुलाबी कागदाची गुंडाळी. बसचे चालक, परिचारिका, मजूर, गाव बघायला आलेले परके पाहुणे, सगळे तिथे थोडक्या पैशांत पोटभर जेवत. तिथे बुआलाय कच्च्या पपईचे सोमतम, म्हणजे खलात कांडलेली तिखट कोशिंबीर, करी. आधी मिरची आणि लसूण, मग सुकट, शेंगदाणे, लिंबू, माशाचे खारे पाणी आणि शेवटी पपईचा कीस. लाकडी बत्ता माझ्या पोटात पोक्-पोक् वाजू लागला की लोक आवाजाच्या दिशेने येत.

आमच्याकडची एक रीत सांगतो. गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, तिखट किती? परक्याला एक मिरची, नेहमीच्याला त्याच्या हिमतीप्रमाणे. घरच्या माणसाला मात्र विचारायचे नाही. घरच्याची जीभ ठाऊक असते.

बुआलायच्या घरचे माणूस म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, ओइ. शाळा सुटली की ओइ आवारात येई. गर्दी ओसरल्यावर बुआलाय टोपलीतला चिकट भात घेई, त्याचा गोळा करी आणि माझ्या पोटातून गोल फिरवी. तळाशी राहिलेला सगळा रस त्या गोळ्यात उतरे. तो शेवटचा घास ओइचा. तिच्या डोळ्यांतून पाणी येई, नाक गळे, तरी ती म्हणे, "अजून."

शेजारच्या शेवयांच्या गाड्यावरून थवीकाका ओरडत, "बुआलायताई, पोरगी आहे की शेगडी?"

"माझी आहे," बुआलाय म्हणे. "तुझ्या फुळकवणी रश्श्यावर वाढलेली नाही."

मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस तेच. लोक माझी तारीफ करत, दुसऱ्या खलात ही चव येत नाही म्हणत. मला मात्र त्या शेवटच्या घासाची ओढ असे.

मग ओइ मोठी झाली आणि कोरियातल्या एका कारखान्यात कामाला गेली. सणाला येईन म्हणाली. सण आले आणि गेले. बुआलाय मात्र रोज भाताचा गोळा माझ्या पोटातून फिरवी, माझ्या कडेवर ठेवी आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसे. नंतर तो घास आवारातल्या पिवळ्या कुत्रीला मिळे.

पुढे बुआलायचे हात विसरू लागले. ती खारे पाणी दोनदा घाली, लिंबू राहून जाई. गिऱ्हाइके तोंड वाकडे करून जात. थवीकाका हळूच येऊन माझ्यात लिंबू पिळत आणि निघून जात. त्यांनी ओइला फोनही केला. "एकदा येऊन आईला भेटून जा, पोरी."

"पुढच्या वर्षी नक्की, काका," ओइ म्हणाली.

ती आली तेव्हा पुढच्या वर्षाच्याही पुढची वर्षे गेली होती. एका संध्याकाळी पाठीवर पिशवी, पायात पांढरे बूट अशी एक बाई पत्र्याच्या टेबलाशी येऊन बसली. मी तिला लगेच ओळखले. थवीकाकांच्या हातातली पळी थांबली.

"आई," तिने हाक मारली.

पण आमच्याकडे गाड्यावरच्या वयस्क बाईला सगळीच गिऱ्हाइके आई म्हणतात. बुआलायने हसून वर पाहिले. "या ताई. तिखट किती घालू?"

ओइचा चेहरा उतरला. आईने रुसून परके केले, असे तिला वाटले. बुआलायचा रुसवा सगळ्या आवाराला ठाऊक होता.

"नेहमीचं घाल," ओइ म्हणाली.

"तुमचं नेहमीचं मला कसं ठाऊक असणार?"

"मग तुझ्या मुलीला घालतेस तेवढं घाल."

बुआलायने मूठभर मिरच्या टाकल्या आणि कांडू लागली. त्या दिवशी लिंबू चुकले नाही, काहीच चुकले नाही. ओइने पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. परमुलखात तिची जीभ मवाळ झाली होती. बुआलायने बर्फाचे पाणी आणि गुलाबी कागद पुढे केला.

"एवढं तिखट माझी ओइच खाते, बाई. तुम्ही कशाला हट्ट केलात?"

तेव्हा ओइला कळले. तिने थवीकाकांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली.

गर्दी ओसरली. बुआलायने भाताचा गोळा माझ्या पोटातून फिरवला. ओइ उठून जवळ आली आणि लहानपणी करी तशी तिने ओंजळ पुढे केली.

बुआलायने घास मागे घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, समजूत होती. "हा नका मागू, ताई. हा ओइचा आहे. शाळा सुटली असेल, येईलच आता. तुम्हाला हवं तर दुसरी थाळी करून देते."

"नको, आई," ओइ म्हणाली. "मी थांबते तिच्यासाठी."

दोघी माझ्या दोन बाजूंना बसून रस्त्याकडे बघत राहिल्या. कडेवरचा घास वाळला. मग बुआलायने तो कुत्रीला घातला.

ओइ त्यानंतर परत गेली नाही. रोज येऊन टेबलाशी बसे, रोज आई तिला तिखट किती ते विचारी. पावसाळा सरताना बुआलाय गेली. तोवर तो घास ओइला एकदाही मिळाला नाही.

दिवसकार्य झाल्यावर लगेच नव्हे, त्याच्याही पुष्कळ नंतर ओइ एकटी माझ्याजवळ आली. तिने टोपलीतून भात घेतला, गोळा केला आणि माझ्या पोटातून गोल फिरवला. मी कोरडा होतो, मित्रांनो. माझ्याजवळ तिला द्यायला थेंबभर रस नव्हता. धूळ लागलेला तो घास तिने तोंडात घातला आणि सावकाश चावून खाल्ला. मग मला थवीकाकांच्या अंगणात ठेवून ती गेली.

मला धुऊन पुसून ठेवा, असे मी मागत नाही. माझे कोंबड्यांबरोबर बरे चालले आहे. तुमच्या घरी कोणी एखादा घास तुमच्यासाठी राखून रस्त्याकडे बघत असेल, तर एवढेच करा. तो ओला आहे तोवर जा.