चौगुले मॅडमचा मुक्काम

हेमांगी सातपुतेवर कॉपीची केस झाली त्याच दिवशी दुपारी चौगुले मॅडम तिच्या घरी राहायला आल्या. कॉलेजातल्या पर्यवेक्षक त्या, आणि पकडणाऱ्याही त्याच. हातात रेग्झिनची पिशवी, पिशवीत दोन साड्या, पुरवण्यांचा गठ्ठा आणि पुरवण्या बांधायचा दोरा. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या, आत आल्या आणि स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालू लागल्या.

हेमांगीच्या आईने शिलाईमशीन थांबवलं. "किती दिवस ऱ्हाणार?"

"शेरा आहे तोवर," मॅडम म्हणाल्या.

"मग भात वाढवाय पायजे," आई म्हणाली आणि उठली.

पेपर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा, अर्थशास्त्राचा होता. चिठ्ठी लिहिली होती तनुजा बागवडेने. तनुजा त्याच गल्लीतली, चार घरं पलीकडची, बालवाडीपासूनची मैत्रीण. तिने आपलं उतरवून घेतलं आणि चिठ्ठी बाकाखालून मागे दिली. हेमांगीच्या दोन ओळी लिहून होतात न होतात तोच मॅडमची सावली पेपरवर पडली. चौकशीच्या वेळी "अक्षर कुणाचं?" असं विचारलं, तेव्हा दाराबाहेर उभी असलेली तनुजा हेमांगीला दिसत होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. हेमांगी म्हणाली, "माझं." एक बुडतेच आहे, तर दुसरीला कशाला ओढायचं, एवढाच तिने विचार केला. तिचं वर्ष गेलं, गुणपत्रिकेवर लाल शाईचा शेरा आला. तनुजा पहिल्या वर्गात पास झाली आणि पहिला पेढा घेऊन हेमांगीकडेच आली.

मॅडमचा तसा त्रास काही नव्हता. हेमांगी भाजी चिरायला बसली की त्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि तिने मूठ मिटली की "उघडा" म्हणायच्या. जेवण संपत आलं की "शेवटची दहा मिनिटं" असं सांगायच्या. आई घास लवकर गिळायची. मात्र फेऱ्यांना जागा पुरेना, तसं घर लांबायला लागलं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघर दोन बाकांएवढं वाढलं. सहाव्या वर्षी चहा झाल्याचं आई चुलीपासून ओरडून सांगायची आणि हेमांगीपर्यंत कप येईस्तोवर चहावर साय धरलेली असायची. पाहुणे येईनासे झाले. एक स्थळ आलं होतं, ते बैठकीपर्यंत चालत येताना मध्येच कंटाळून परत गेलं.

तनुजाचं घर आहे तेवढंच राहिलं. तिथे शेगडीजवळ बसून हात लांब केला की कप थेट पाहुण्याच्या हातात देता यायचा. हेमांगी तिथे जायची ते खरं तर तो कप बघायला. तनुजाची आई बसल्या जागेवरून चहा द्यायची, बसल्या जागेवरून खिडकी लावायची. आपल्या सहा वर्षांवर या बायका एवढ्या सुटसुटीत राहताहेत, असं हेमांगीला वाटायचं. तसं ती कधी बोलली नाही.

हेमांगी कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. वकिलांनी घातलेली चुकीची कलमं ती गुपचूप दुरुस्त करायची. हळूहळू वकीलच तिला विचारून मजकूर सांगायला लागले. वकिलीला जायचं तिच्या मनाने घेतलं. प्रवेश परीक्षेत तिला तनुजापेक्षा अकरा गुण जास्त पडले. हो, तनुजाही त्याच वकिलीच्या कॉलेजला अर्ज करत होती. "दोघी मिळून जाऊ की," तिनेच म्हटलं होतं.

अर्ज दोघींनी तनुजाच्या घरी बसून भरले. चौदावा रकाना होता: यापूर्वी परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल शिक्षा झाली आहे काय? तनुजाने गोल, टपोऱ्या अक्षरात 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं. तिला शिक्षा झालीच नव्हती. हेमांगीच्या मागे मॅडम उभ्या होत्या. तिने 'होय' लिहिलं. दोन अक्षरांनाच रकाना भरून गेला.

"खरं लिहिलंस, बरं केलंस," तनुजा म्हणाली. "मनावर ओझं राहत नाही."

हेमांगीने पेनाचं टोपण इतकं घट्ट लावलं की ते पुन्हा निघालं नाही.

मुलाखतीला दोघींना एकाच दिवशी बोलावलं. तनुजा आत गेली आणि चार मिनिटांत हसत बाहेर आली. "सोपं आहे गं. टेबल दारातच आहे."

हेमांगीसाठी दार उघडलं तेव्हा टेबल दारात नव्हतं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, सुपारीएवढं दिसत होतं. ती चालू लागली. मागून मॅडमच्या चपलांचा आवाज येत होता. वाटेत तिने दोनदा घाम पुसला, एकदा भिंतीला टेकून पाणी प्यायली. ती पोहोचली तेव्हा प्राचार्य शिरगुप्पे तिचीच फाइल वाचत होते. फाइलला ती जुनी चिठ्ठी टाचलेली होती.

"बसा. गुण चांगले आहेत." त्यांनी चष्मा वर केला. "फक्त एक सांगा. अर्जातलं अक्षर तुमचंच ना?"

"हो सर."

"मग चिठ्ठीतलं कुणाचं?"

हेमांगीने चिठ्ठीकडे पाहिलं. गोल, टपोरं अक्षर. सहा वर्षांत शाई जराही फिकी झाली नव्हती. तिला तनुजाच्या आईचा लांब झालेला हात दिसला, हातातला कप दिसला, वाफ दिसली.

"तनुजा बागवडेचं," ती म्हणाली.

खरं होतं. पण खरं म्हणून ती बोलली नव्हती, हे तिला बोलतानाच कळलं.

"पर्यवेक्षकांनी नोंद घ्यावी," प्राचार्य म्हणाले. "तुम्हाला पत्राने कळवू."

चौगुले मॅडमनी पिशवी काखेला मारली आणि मागे न बघता निघून गेल्या. परत येताना दार दोन पावलांवर होतं.

घरी आली तर स्वयंपाकघर पूर्वीएवढं झालेलं. आईचा आणि तिचा धक्का लागला, दोघी हसल्या. आईने ताजा, वाफाळता चहा दिला. हेमांगीने तीन कप घेतले.

तिसऱ्या दिवशी तनुजा आली. ती रडेल, भांडेल, असं हेमांगीला वाटलं होतं. उत्तरंही तयार होती.

"मॅडम आमच्याकडे आल्या," तनुजा म्हणाली. "बरं झालं बाई. त्यांना घेऊन मी काल प्राचार्यांकडे गेले, सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, स्वतःहून आलीस हे महत्त्वाचं. अशीच माणसं वकिलीत पाहिजेत. प्रवेश झाला माझा."

"स्वतःहून?" हेमांगीने विचारलं.

"मग काय. कुणी बोलावलं नव्हतं." तिने चुलीकडे पाहिलं. "मॅडम म्हणत होत्या, तुमच्याकडे भात जरा गिचका व्हायचा."

"आमच्याकडे त्या कधी काही बोलल्या नाहीत."

"आमच्याकडे खूप बोलतात," तनुजा म्हणाली. "रोज माझा अभ्यास घेतात."

तनुजाचं घर लांबायला लागलं. पंधरा दिवसांत त्याला नऊ खिडक्या झाल्या. गल्लीतल्या बायका बघायला जायच्या. "केवढं ऐसपैस झालं गं तुमचं!" म्हणायच्या. संध्याकाळी त्या लांबलचक खोलीतून मॅडमचा आणि तनुजाचा हसण्याचा आवाज यायचा. मॅडम हसतात हे सहा वर्षांत हेमांगीला कधी कळलं नव्हतं.

तिचं स्वतःचं घर पूर्वीएवढं होऊन थांबलं नाही. आधी कपाट दाराला लागलं. मग चूल कपाटाला लागली. आईने मशीन पायरीवर आणून ठेवलं. आठवड्याने पायरीही गेली, तेव्हा तिने मशीन डोक्यावर घेतलं.

"कुठं चाललीस?"

"तनुजाकडं. तिथं जागा हाय गं." आई अवघडून उभी राहिली. "तूबी चल की."

"माझं पत्र यायचंय."

ते खरं होतं. पोस्टमन मगदूम गेल्याच आठवड्यात बजावून गेले होते, "रजिस्टर पत्र हाय म्हंजे घरातल्या माणसाच्याच हातात द्यावं लागतंय. कोण नसलं तर परत जाणार." म्हणून हेमांगी घरातच राहिली. दार आधी वाकून जाण्याएवढं झालं, मग डोकं जाण्याएवढं. शेवटी दार गेलं आणि खिडकी तेवढी उरली. ती गुडघे छातीशी घेऊन बसली. पाठ एका भिंतीला, तळपाय दुसऱ्या भिंतीला. चार घरं पलीकडून आईच्या मशीनचा आवाज येत होता. तो पूर्वीपेक्षा भराभर चालत होता.

बुधवारी दुपारी मगदूमांनी हाक मारली, "सातपुते! सही ऱ्हाऊ द्या, हात तेवढा बाहेर काढा."

हेमांगीने खिडकीतून हात बाहेर घातला. तो खांद्यापर्यंत गेला आणि चौकटीत घट्ट बसला. हातावर जाड लिफाफा पडला. तिने बोटं मिटली. हात आत ओढून पाहिला, पण कोपर वळायला जागा नव्हती. खांदा तिरका करून पाहिला. मगदूमांची सायकल वाजत निघून गेली.

काखेजवळ बोटभर फट होती. त्या फटीला डोळा लावून तिने पाहिलं. पांढऱ्याशुभ्र साडीत, वकिलीच्या कॉलेजचा काळा कोट हातावर टाकून तनुजा येत होती, बरोबर चौगुले मॅडम. मॅडमनी तनुजाची पुस्तकं घेतली होती.

"पत्र आलं वाटतं," तनुजा थांबून म्हणाली. "काय लिहिलंय?"

"माहीत नाही," हेमांगी आतून म्हणाली. "हात आत येत नाही."

"मग मी वाचू?"

हेमांगीने मूठ आणखी आवळली. लिफाफ्याचं टोक तळव्यात रुतलं. गल्लीत दुसरं कुणीच नव्हतं.

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

तिने बोटं उघडली. तनुजाने लिफाफा घेतला, कडेने नीट फाडला. चार घरं पलीकडे मशीन थांबलं. तनुजाने कागद उलगडला आणि आधी स्वतःशीच वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते.