तर्री चाखायला माणूस

श्यामने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मग पोह्यांवरच्या तर्रीतला नुसता रस्सा चमच्यात घेऊन त्याने पुन्हा चव पाहिली.

"मौसी, आज तर्री में नमक डालना भूल गईं क्या?"

माझ्या बायकोचं, मनोरमाचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. पाहुणे गेले. सकाळी घरात बसवेना, म्हणून मी भोपाळच्या टी. टी. नगरातल्या लीलाबाईच्या हॉटेलात येऊन बसलो होतो. श्याम जवळच्या सरकारी कचेरीत बाबू आहे, लीलाबाईचं रोजचं गिऱ्हाईक. तो थट्टा करतोय असं मला वाटलं, पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनीही मान हलवली. मीठ अजिबात नव्हतं.

लीलाबाईने पळीतली थोडी तर्री तळहातावर घेऊन चाटली. आधी श्यामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ते विचित्र वाटलं. मीठ नसेल तर घालायचं, माझ्याकडे काय पाहायचं? मग तिने मीठ घातलं आणि सगळ्यांना नव्या प्लेटी दिल्या.

भोपाळात पोहे म्हणजे वर शेव आणि बाजूला जिलबी. लीलाबाई नागपूरची. तिच्याकडे पोह्यांवर काळ्या चण्याची लालभडक तर्री पडते, सोबत कच्चा कांदा आणि लिंबू. खाताना लोकांचं नाक वाहतं, तरी ते आणखी तर्री मागतात. नवरा गेल्यावर तिने हे हॉटेल एकटीने उभं केलं.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. साथीच्या वर्षी तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेले. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल. आलं नाही. तिखट तेवढं कळतं, कारण ते जिभेला भाजतं. मीठ, आंबट, खोबरं जळलं की नाही, यातलं काहीच कळत नाही.

"मग आतापर्यंत कसं चाललं?" मी विचारलं.

"काकू होत्या ना जी चाखायले. त्या गेल्यापासून अंदाजानं चाललं. तुम्हाले नाही सांगितलं त्यांनी?"

नव्हतं सांगितलं. मनोरमा रोज पहाटे फिरून येते म्हणून जायची आणि परत येताना तिच्या पदराला फोडणीचा वास असायचा. ती वर्ध्याची, तिखटावर वाढलेली. माझं पोट नाजूक, त्यामुळे आमच्या घरात मिरची नावापुरतीच. ती लीलाबाईकडे प्लेट खाऊन येते असं मी धरून चाललो होतो. तू फिरायला नाही, चरायला जातेस, असं मी चिडवायचो. ती हसायची. तिने लीलाबाईला हे कोणाला न सांगायचा शब्द दिला होता आणि तो नवऱ्यापाशीही मोडला नाही.

मी विचारलं, ती कुठल्या टेबलावर बसायची?

"बसत कुठं होत्या," लीलाबाई म्हणाली. "चुलीपाशी उभ्यानंच एक चमचा घेत. मी म्हणायची, काकू, एक प्लेट तरी खा. तर म्हणत, इथं खाल्लं तर घरी यांच्यासोबत खायची भूक राहत नाही."

आमच्या घरी रोज नाश्त्याला फिका उपमा असायचा, नाहीतर दूधपोळी. ती माझ्यासमोर बसून तोच खायची.

मग लीलाबाई म्हणाली, "एवढं कोणाले सांगू नका, काकाजी. बाईची जीभच गेली म्हटल्यावर कोण खाईल माझ्या हातचं?"

तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. मीच म्हणालो, उद्यापासून मी येतो.

"तुम्ही?" ती पहिल्यांदा हसली. "काकू सांगत, वरणात मिरची दिसली तर तुम्ही ती ताटाबाहेर ठेवता."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलो. मी कारखान्यात फिटर होतो, चांगलं काम पाहिलं की मला कळतं. लीलाबाई कानाने स्वयंपाक करत होती. कांद्याचा चुर्र आवाज बसला की ती खोबरं घालायची. मसाल्याला तेल सुटताना पाहायला पातेल्यावर वाकायची. वास येत नाही म्हणून गॅसची नळी दोनदा हाताने तपासायची. एवढं करूनही शेवटी तिला कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागत होतं.

तिने चमचा पुढे केला. मी घेतला. डोळ्यांत पाणी आलं, कान तापले.

"छान झालंय," मी म्हणालो.

"छान नका सांगू जी. काकू कधी छान म्हणाल्या नाहीत. काय कमी आहे ते सांगा."

मी पाणी प्यायलो आणि दुसरा चमचा घेतला. मीठ कमी होतं. तसं सांगितलं. तिने घातलं, मी पुन्हा चाखलं, मग तिने शटर वर केलं. श्यामने तर्री दोनदा मागून घेतली. म्हणाला, "आज ठीक है मौसी. कल तो आपने अस्पताल का खाना खिला दिया था."

त्या दिवसापासून मी जातोय. पोट कुरकुर करतं, पण एका चमच्याने काही होत नाही. मीठ मला आता लगेच कळतं. लिंबू आंबट नसेल तर तेही सांगतो.

गेल्या आठवड्यात मात्र श्यामने अर्धी प्लेट तशीच ठेवली आणि उठला. लीलाबाईने ती प्लेट उचलून आत आणली.

"मसाला कच्चा राहिला का, काकाजी?"

मी म्हणालो, मला नाही कळलं. तिखट लागलं की माझ्या जिभेला पुढचं काही कळत नाही. मनोरमा म्हणे चमच्यातला एक थेंब बोटावर घ्यायची आणि सांगायची, अजून दोन उकळ्या येऊ दे. लीलाबाई रागावली नाही. तिने वाढणं थांबवलं, पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं आणि बाहेर बसलेल्यांना थोडं थांबायला सांगितलं.

आज सकाळीही तिने चमचा पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मीठ बरोबर आहे, मी सांगितलं. मसाला शिजलाय की कच्चा आहे, हे मला अजून सांगता येत नाही.