भट्टीतला साक्षीदार

मी थर्मोकपल बोलतोय. ऐकून घ्या, पण लगेच खरं मानू नका. माझं म्हणणं डोळे मिटून खरं मानलं, म्हणूनच इजिप्तमधल्या मीत घम्र गावच्या ओतकामाच्या कारखान्यात एका भल्या माणसाच्या अब्रूचं खोबरं झालं.

माझी घडण साधी. वेगवेगळ्या धातूंच्या दोन तारा टोकाशी जुळवलेल्या, वरून नळी, आणि शेवटी वाटीएवढं डोकं. पाय वितळलेल्या धातूत, डोकं बाहेर. डोक्यातून निघालेली वायर मागच्या भिंतीवरच्या तबकडीला जाते आणि धातू किती तापलाय ते काटा सांगतो. तो मला दिसत नाही. माझ्या नावावर तो काय सांगतो, देव जाणे!

मुअल्लिम शलबी, म्हणजे आमचे मालक, यांनी मला आणलं तेच संशयापोटी. अ‍ॅल्युमिनियम मोठं आतल्या गाठीचं. कितीही तापलं तरी तोंडावर तीच चंदेरी साय. "माणसं खोटं बोलतात, यंत्र नाही," असं म्हणत त्यांनी तबकडीवर हिरवी खूण केली. काटा खुणेला टेकल्याशिवाय ओतायचं नाही, असा हुकूम.

जोडणी केली लमई इलेक्ट्रिशियननं, भोपळ्याच्या बिया चघळत चघळत. लाल तार दिसली की अधिकच्या खुणेला बांधायची, हा त्याच्या हाताचा खाक्या. वायरीच्या दोन्ही टोकांना, माझ्या डोक्यात आणि तबकडीपाशी, तसंच बांधून तो निघून गेला.

आम्ही पंपाची कवचं ओतायचो. सकाळच्या पाळीला मालकांचा भाचा बहगत, दुपारी अब्दुश्शाफी. कवचात हवा भरून ते पाण्यात बुडवायचं. बुडबुडे आले की माल भंगारात. बहगतचा माल चोख. शाफीच्या मालातून मात्र रोज बुडबुडे!

"वड्या कुठं जातात रे, शाफी?" मालकांनी विचारलं. धातूतला वायू निघावा म्हणून ओतण्याआधी त्यात वड्या बुडवतात.

"धातूत, मुअल्लिम. आणखी कुठं जाणार?"

"मग माल फुसका का? बाहेर विकत तर नाहीस ना?"

त्या संध्याकाळी फाटकावर सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे केले. डबा उघडायला लावला. आत उरलेली घेवड्याच्या दाण्यांची उसळ, अर्धी भाकरी, सलगमचं लोणचं. बहगत फिदीफिदी हसत म्हणाला, "मामा, भाकरीच्या पोटात बघू का?" शाफीनं झाकण लावलं. मग रोजच झडती सुरू झाली. एक जरी वडी कमी दिसली तर भट्टीला हात लावायचा नाही, असं मालकांनी बजावलं.

खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा संशय आला होता. दुपारी माझे पाय सांगायचे, धातू नको तेवढा तापलाय. तरी हा बर्नर वाढवतच राहायचा. जास्त तापलेलं अ‍ॅल्युमिनियम वायू पितं, आणि मग वड्यांनाही दाद देत नाही. हा मुद्दाम माल नासवतोय की काय?

शेवटी एका दुपारी मालक खुर्ची टाकून भट्टीपाशीच बसले.

"अजून खुणेखाली आहे काटा. वाढव!" ते स्वतःच ओरडले.

शाफीनं बर्नर वाढवला. उकाड्यानं मालक कासावीस झाले. मातीची सुरई उचलून त्यांनी पाणी तोंडावर मारलं, आणि निम्मं माझ्या डोक्यावर!

"अहो, वितळल्या धातूजवळ पाणी?" शाफीनं बर्नर झटकन बंद करून त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. "उडालो असतो की सगळे!"

मालक भिंतीकडं बघतच राहिले. "बंद केलास ना बर्नर?"

"केलाय."

"मग काटा चढतोय कसा? काय केलंस तू?"

"मी? पाणी तुम्ही सांडलंत!"

लमईला बोलावलं. त्यानं माझं डोकं उघडलं, विकणाऱ्याला फोन लावला आणि तोंडातल्या बिया थुंकल्या. "या वायरीत लाल म्हणजे उणे म्हणे! मला काय स्वप्न पडणार होतं?"

दोन्हीकडं उलटी जोडल्यामुळं चूक झाकली गेली होती. सकाळी डोकं गार, तेव्हा आकडा खरा. दुपारी भट्टीच्या धगीनं डोकं तापलं की काटा धातूचा ताप कमी सांगायचा. आज पाण्यानं डोकं गार झालं, म्हणून बर्नर बंद असूनही काटा चढला. शाफी बिचारा हुकुमाप्रमाणं बर्नर वाढवत गेला. चोर मीच निघालो, आणि झडती त्याची झाली!

आता तारा सरळ आहेत, बुडबुडे थांबलेत. तरी तुम्हाला हात जोडून सांगतो, माझ्यासारख्याच्या शब्दावर कुणाच्या खिशात हात घालू नका. आधी माझं डोकं उघडून बघा.

झडती मालकांनी त्याच दिवशी बंद केली. पण शाफी अजूनही रोज संध्याकाळी फाटकाशी थांबतो, स्वतःच खिसे उलटे करतो, डब्याचं झाकण काढतो.

"नको रे शाफी," मालक मान खाली घालून म्हणतात, "लाज वाटते मला."

"वाटू दे," शाफी म्हणतो, आणि घरी जातो.