फारूकचाचांचं ताट

बबनरावांनी जन्मात कधी स्वतःचा चहा केला नव्हता, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी ते ज्वारीची भाकरी थापून तिचा फोटो काढत होते. फोटोही कसा, तर ताट खिडकीशी नेऊन, उजेड बघून. आकुर्डीच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर पस्तीस वर्षं काढलेला, भरल्या ताटाला हजार नावं ठेवणारा हा माणूस! पण त्या फोटोखाली उत्तर यायचं ना. ‘वा, फारूकचाचा! आज भाकरी गोल झाली की.’ मग काय, गडी दिवसभर हवेत.

आता बबनरावांना फारूकचाचा कोण म्हणत होतं, ते सांगायला हवं. म्हणत होती त्यांची पोटची लेक, सोनल. आणि आपण कोणाशी बोलतोय ते तिला ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी सोनलनं बुद्धभूषणशी लग्न करायचं ठरवलं. पोरगा शिकलेला, कॉलेजात शिकवणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. पण जातीतला नव्हता, आणि बबनरावांना चाकणकडच्या आपल्या भावकीची पडली होती. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. “त्या पोराचं नाव या घरात घ्यायचं न्हाई,” म्हणाले, “आन् गेलीस तर तू आमाला मेलीस.” सोनल गेली. दोन वर्षांनी बबनरावांची बायको केसरबाई वारली, तेव्हा ती आली आणि दारात उभी राहिली. बबनरावांनी तिला आत ये म्हटलं नाही. माणसं निघाली तशी तीही निघून गेली. तेव्हापासून त्या घरात एकटे बबनराव होते, आणि दिवसरात्र चालू असलेला टीव्ही.

मग शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर पथ्य सांगितलं. रक्तातली साखर एकदम उसळणार नाही, सावकाश चढेल असं खायचं. त्याला लो जीआय म्हणतात. बबनरावांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. घरी येऊन इंद्रायणीचा मऊ भात ताटभर वाढून घेतला. कोण विचारणार होतं?

केसरबाई गेल्यावर जमलेला त्यांचा जिवलग म्हणजे फारूक. आकुर्डी स्टेशनकडच्या रस्त्याला त्याचं गॅरेज, आणि गॅरेजपुढच्या बाकड्यावर बबनरावांची संध्याकाळ. एकदा फारूक फोन चाळत असताना एक जाहिरात आली: ‘ताटली. मधुमेहींसाठी रोजच्या जेवणाचं ऑनलाइन नियोजन.’ खाली आहारतज्ज्ञांचे फोटो होते. तिसरा फोटो सोनलचा. चष्मा लागला होता पोरीला. बबनरावांनी फोन हिसकावून घेतला आणि तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला.

“सरळ फोन करा की,” फारूक म्हणाला.

“आन् तिनं ठेवला तर? मग आयुष्यात परत न्हाई करवणार मला.” बबनरावांनी घसा खाकरला. “तुझं नाव देतो. तुझा तो दुसरा नंबर दे.”

“बबनराव, दुसऱ्याच्या नावानं जेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय!” फारूकनं कपाळाला हात लावला. पण त्या नंबरचं सिम काढून दिलं.

तर असा हा कारभार सुरू झाला. रोज सकाळी सात वाजता फोनवर दिवसभराचा बेत यायचा. नाश्त्याला मुगाचं धिरडं, दुपारी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक. आधी काकडी खायची, मग उसळ, भाकरी शेवटी. म्हणजे साखर एकदम चढत नाही. बेत ‘ताटली’चं मशीनच काढायचं, पण ताटाचा फोटो पाठवला की उत्तर सोनल स्वतः लिहायची. पहिला आठवडा ‘फारूकजी’, दुसऱ्या आठवड्यापासून ‘फारूकचाचा’. ‘चाचा, भात सोडवत नसेल तर निम्मी वाटी घ्या, पण वरण दुप्पट.’ ‘चाचा, आज ताट रिकामं दिसतंय, कंटाळलात का?’

हो, कंटाळले होते, आणि कोणीतरी ते विचारलं म्हणून त्यांना रडू आलं. खोटं कशाला सांगा? लेक बोलत होती, मायेनं बोलत होती, आणि त्यातला एक शब्दही त्यांच्या नावावर नव्हता. कधीकधी त्यांना फारूकचाच राग यायचा. बाकड्यावर बसून ते त्याच्याकडे असं बघायचे की फारूक विचारायचा, “अहो, मी काय केलं?”

एकदा धीर करून त्यांनी लिहिलं, ‘तुमच्या घरात कोणाला शुगर आहे का, मॅडम?’ दुपारी उत्तर आलं, ‘आजीला होती. वडिलांना आहे का, मला माहीत नाही.’ बबनरावांनी ती ओळ त्या दिवशी किती वेळा वाचली, त्यांनाच ठाऊक.

आणि मग रमजान लागला.

नाव घेताना हे काही सुचलं नव्हतं. पहिल्या रोज्याच्या सकाळी नऊ वाजता बबनरावांनी आरामात धिरड्याचा फोटो पाठवला. सोनलचा निरोप आला, ‘चाचा, रोजा नाही ना धरलात? तब्येतीसाठी तेच बरं. पण उद्यापासून धरणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मला सांगा. मग मशीनवर सोडणार नाही, मी स्वतः रोज पहाटे आणि संध्याकाळी बघेन.’

इथे ‘नाही धरणार’ एवढं लिहिलं असतं की सुटले असते. पण पहाटे आणि संध्याकाळी! रोज दोनदा! हाव सुटली हो माणसाला. बबनरावांनी लिहिलं, ‘डॉक्टरांना विचारलं. धरणार.’

नाव खोटं सांगता येतं, पण शुगर मोजायच्या यंत्राचा फोटो रोज पाठवायचा असतो, आणि दुपारी जेवून ‘उपाशी आहे’ म्हटलं तर तो आकडा चुगली करणार. म्हणून बबनराव खरोखर उपाशी राहू लागले. पहाटे सोनलनं सांगितलेलं खायचं: नाचणीची भाकरी, अंडं, दही. संध्याकाळी रोजा सोडताना एकच खजूर, मग सूप. फारूकला कळलं तेव्हा तो उखडलाच.

“आजारी माणसाला रोजा माफ असतो, बबनराव. आणि तुम्ही तर रोजा धरतच नाही आहात. तुम्ही उपाशी राहून लेकीला फसवताय.”

“दोनदा बोलती रं ती,” बबनराव म्हणाले. फारूक पाना उचलून गाडीखाली शिरला.

आठव्या दिवशी दुपारी चारला बाकड्यावर बसल्याबसल्या बबनरावांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. तशातही त्यांनी बोटाला सुई टोचली, यंत्रानं बासष्ट दाखवले, आणि या शहाण्यानं आधी त्याचा फोटो पाठवला! फारूकनं स्वतः रोज्यात असताना धावत जाऊन टपरीवरून साखर आणली, पाण्यात कालवली आणि ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. शिव्या जिभेवर आल्या होत्या, रोजा म्हणून गिळल्या.

तेवढ्यात फोन वाजला. सोनल.

“घे ना रं तू,” बबनराव म्हणाले. “सांग, बरं हाय म्हणून.”

“मी?” फारूकनं मान हलवली. “एरवी तुमच्यासाठी खोटं बोललो असतो, राव. रोज्याच्या तोंडानं नाही बोलणार.” आणि त्यानं फोन चालू करून त्यांच्या कानाला लावला.

“चाचा! आधी साखर तोंडात टाका, मग बोला. टाकली? घरी कोण आहे तुमच्याजवळ? चाचा, ऐकताय ना?” सहा वर्षांनी तो आवाज कानात येत होता. केसरबाईसारखाच, घाबरला की चढणारा.

“सोनल,” बबनराव म्हणाले.

आता ती ठेवणार, असं बबनरावांना वाटलं.

“आप्पा?”

“व्हय.”

“फारूकचाचा कुठे आहेत?”

“हायेत की हितंच. त्येला शुगर न्हाई. मला हाय.”

“म्हणजे दोन महिने… सगळी ताटं तुमची होती?”

“माझीच. भाकरीबी मीच थापायचो.”

ती रडते आहे की रागावली आहे, हे त्यांना कळेना. मग तिचा आवाज आला, बारीक आणि धारदार. “आईच्या वेळी मी दारात दीड तास उभी होते, आप्पा.”

“म्हाईत हाय. मी घड्याळ बघत व्हतो.” “माझ्यानं उठवलं न्हाई, पोरी. लोक बघत व्हते. चुकलं माझं. लई चुकलं.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

फारूक रिकामा ग्लास तसाच धरून उभा होता. बबनराव बंद फोनकडे बघत बसले. तोही धागा तुटला, फारूकचाचाचाही. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. रस्त्यावरून कंपनीच्या बसेस सुटून गेल्या.

मग फोन किणकिणला. ‘ताटली’वरून नवा फॉर्म आला होता. नाव: बबनराव. वय त्रेसष्ट, उंची बरोबर, आजीच्या शुगरची नोंदही होती. सगळं तिनंच भरलेलं. ‘जेवण कोण बनवतं?’ या रकान्यात ‘स्वतः’ असं होतं. ते वाचून बबनरावांना हसू आलं आणि डोळेही भरले.

शेवटचा रकाना होता: ‘अडचणीच्या वेळी कोणाला बोलवायचं?’ तिथे तिनं लिहिलं होतं, बुद्धभूषण, आणि पुढे त्याचा नंबर. त्याच्या खाली ‘रुग्णाशी नातं’ एवढा रकाना कोरा ठेवला होता.

फॉर्मखाली तिचा निरोप होता. ‘मी तळेगावला असते, मला यायला तास लागेल. तो आकुर्डीतच शिकवतो, दहा मिनिटांत पोचेल. मी त्याला विचारलं. तो येतो म्हणाला. उद्यापासून उपास बंद. कोरा रकाना तुम्ही भरा, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.’

बबनराव त्या रकान्याकडे बघत राहिले. गावची भावकी आठवली, दारातली सोनल आठवली. आधी त्यांनी ‘ओळखीचे’ लिहिलं. मशीननं ते घेतलं असतं, मशीनला काय कळतंय? पण वाचणार सोनल होती. त्यांनी ते एकेक अक्षर करून पुसलं.

“मी लिहून देऊ?” फारूक हळूच म्हणाला.

“नगं. माझं मला लिहू दे.”

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी ‘जावई’ असं नीट लिहिलं, आणि फॉर्म पुढे गेला.