पडणं वेगळं, बसणं वेगळं

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. सोन्याचा नाही, जाड काळ्या कापडाचा. माझ्या पोटात काडेपेटीएवढी डबी आहे आणि तिच्यात हालचाल मोजणारा एक लहानसा तुकडा. मला बांधलेला माणूस पडला, तर मी ओरडायचं आणि त्याच्या घरच्यांचा फोन वाजवायचा, एवढंच माझं काम.

पडणं ओळखायचं कसं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. पडताना क्षणभर माणसाचं वजन नाहीसं झाल्यासारखं होतं. मग धक्का बसतो. मग सगळं शांत. वर्ध्याच्या एका छोट्या कार्यशाळेत मी हे शिकलो. शिकवणारे सगळे तरुण. माझ्यासाठी ते गाद्यांवर पडले, खुर्च्यांवर बसले. मी एकदाही चुकलो नाही.

मग मला समुद्रपूरच्या आनंदाबाईंच्या कमरेला बांधलं. त्या घरी एकट्या राहत, मुलगा पियुष पुण्याला नोकरीला. "या वयात कमरपट्टा घालून राह्यली मी," असं शेजारणींना सांगत त्या ओसरीवर भिंतीशी गेल्या आणि धप्पकन खाली बसल्या.

मी ओरडलो. पुण्यात पियुषचा फोन वाजला, त्याने शेजारच्या कवडूला कळवलं. कवडू हातातलं काम टाकून धावत आला.

"काकू, पडल्या का?"

"पडली नाई रे बाप्पा, बसली. बसू बी नाई का माणसानं?"

त्या रोज बसत आणि मी रोज ओरडत असे. कवडू आधी धावत यायचा, पुढे चालत येऊ लागला, आणि शेवटी कुंपणापलीकडूनच विचारायचा, "बसल्या ना, काकू?"

पियुष घाबरला. "आई, खरंच पडलीस तर कोणी येणार नाही. दिवाळीला घराला कुलूप लावू. तू माझ्याकडे चल."

आनंदाबाईंना जायचं नव्हतं. म्हणून त्यांनी खाली बसणंच सोडलं. शेजारणी ओसरीवर अंबाडीची भाजी निवडायच्या आणि या एकट्या वर, प्लास्टिकच्या खुर्चीवर. खाली हसू फुटलं की वरून विचारायच्या, "का झालं व?"

मी शांत झालो. कार्यशाळेत सगळ्यांना वाटलं, पट्टा सुधारला. फक्त गुंजनला शंका आली. ही नुकतीच बी.एस्सी. झालेली मुलगी पुण्याच्या एका नोकरीची वाट पाहत तिथे काम करत होती. इतका वाजणारा पट्टा अचानक गप्प का झाला, हे बघायला ती एसटीने समुद्रपूरला आली. खुर्ची पाहिली आणि समजली.

"आजी, खाली बसून दाखवा ना."

"वाजते तो."

"वाजू द्या. अजून एकदा बसा."

"सर्कशीतला हत्ती आहो का मी, पोरी?"

तरी त्या बसल्या. लॅपटॉपवर माझ्या मोजमापाची रेघ उमटली, ती पडण्यासारखीच दिसत होती. गुंजन त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने मला स्वतःच्या कमरेला बांधलं, दोन्ही गुडघ्यांना टॉवेल घट्ट आवळले आणि बसू लागली. अर्ध्यावर गुडघे वाकेनात. हात आपोआप खिडकीच्या गजाकडे गेला. ती थांबली, आणि मग अंग सोडून दिलं. धप्पकन.

"झाली व तू म्हातारी," आनंदाबाई डोळे पुसत हसल्या.

गुंजन मात्र रेघ बघत होती. हलकेपणाच्या जरा आधी रेघ क्षणभर सपाट झाली होती. आनंदाबाईंच्या रेघांतही तेच होतं, फक्त कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"आजी, तुम्ही मधे थांबता."

"थांबीन नाई तं काय? देवाचं नाव घ्याले लागते."

पडणारा माणूस मधे थांबत नाही. बसणारा थांबतो. हा माझा नवा धडा. तो शिकवताना गुंजन गाद्यांवर पुन्हा पुन्हा पडली, कारण गप्प राहायला शिकताना मी ओरडणं विसरायला नको होतं.

दिवाळीला पियुष आला तो पिशवीत नवं कुलूप घेऊनच. गुंजनही आली होती. आनंदाबाईंनी खुर्ची सरकवली, गज धरला, थांबल्या आणि धप्पकन बसल्या. पियुषचा हात खिशातल्या फोनवर गेला. फोन गप्प. मीही गप्प.

"आज काऊन नाई वाजला?" कुंपणापलीकडून कवडू म्हणाला.

"मी बसली म्हणून."

"आणि पडलीस तर?" पियुषने विचारलं.

गुंजनने मला सोडवून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि अंगणातल्या गादीवर आडवं अंग टाकलं. मी जीव खाऊन ओरडलो. पियुषचा फोन वाजला, आणि कवडू कुंपण ओलांडून धावत आला.

 पियुषने खुर्ची उचलून घरात ठेवली आणि तो आईशेजारी खाली बसला. कुलूप पिशवीतच राहिलं.

आता माझं कापड विरलं आहे. आनंदाबाईंकडे नवा, हलका पट्टा आला आहे. पुण्याच्या नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा गुंजन गेली नाही. ती मला घेऊन कॉलेजांत जाते, आणि हे काम कसं शिकायचं असं कोणी विचारलं, की त्याच्या हातात आधी दोन टॉवेल देते.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांसाठी यंत्रं बनवायला तुमच्यासारखी प्रश्न विचारणारी मुलं हवी आहेत. विज्ञान पुस्तकात मिळेल. पण माझ्यासारख्याला काही शिकवण्याआधी त्या माणसांजवळ खाली बसा. गुंजन निघताना आनंदाबाई तिला जे म्हणाल्या, तेच मी तुम्हाला सांगतो: "येजो व. जागा आहे ओसरीवर."