नवरदेवाचा अडकित्ता

वरकुट्याच्या माळावर भूवैज्ञानिक आसावरीचा आज शेवटचा दिवस. या काळ्या कातळाखाली खोलवर लोहखनिज दडलंय, असं ती वर्षभर साहेबांशी भांडत आली होती. संध्याकाळपर्यंत जमिनीतलं लोखंड हुडकणाऱ्या चुंबकमापी यंत्रानं साथ दिली नाही, तर इंदापूरचा मुक्काम हलणार आणि तिचं म्हणणं कायमचं फायलीत पडणार.

सकाळभर आकडे ढिम्म! पण जेवणानंतर यंत्र खांद्यावर घेऊन माळावर आखलेल्या रेघांवरून चालणाऱ्या मदतनीस सिद्धूनं पहिला आकडा ओरडून सांगितला आणि आसावरी ताडकन उठली. दुसरा तसाच चढा. तिसराही! "अगं बाई, लागलं!" म्हणत तिनं साहेबांना फोनसुद्धा लावला.

खात्रीसाठी सकाळची एक जागा पुन्हा मोजली, तर तिथंही आकडा चढाच. जेवणाच्या सुट्टीत जमीन बदलते होय?

"सिद्धू, अंगावर लोखंड आहे?"

"न्हाय मॅडम. किल्ल्या, मोबाईल, पट्टा, समदं गाडीत हाय."

तेवढ्यात तिला त्याच्या कानामागं हळद दिसली. सुट्टीत हा पठ्ठ्या घरी जाऊन हळद लावून आला होता!

"आणि कमरेला काय खोचलंय?"

"अडकित्ता. हळदीच्या नवरदेवाला बाधा हू नये म्हणून आईनं दिलाय. त्यो लोखंडात कुठं धरायचा?"

आसावरीनं कपाळावर हात मारला. आता साहेबांना काय तोंड दाखवायचं?

एवढ्यात त्याची आई, द्वारकाबाई, त्याला न्यायला बांधावरून तरातरा आलीच.

"मावशी, दुपारच्या रेघांतली एकच परत चालू द्या. तेवढा वेळ अडकित्ता तुम्ही धरा."

"आन् पोराला काय झालं म्हंजी?"

सिद्धूनं अडकित्ता आईच्या हातात दिला आणि यंत्र उचललं.

आकडे खाली आले. आसावरीचा जीव टांगणीला. मग आकडे हळूहळू चढू लागले, पावलामागं पाऊल चढतच राहिले आणि पार पलीकडं सावकाश उतरले. वरवरच्या खिळ्यामोळ्यानं आकडा एकदम उडी मारतो. असा ऐसपैस चढ म्हणजे खाली खोल, मोठं काहीतरी! आसावरीनं टोपीच हवेत उडवली.

"मावशी, लोखंड! सिद्धूच्या पायाखाली, चिक्कार!"

द्वारकाबाईनं माळाकडं बघितलं, मग हातातल्या अडकित्त्याकडं. तो कमरेला खोचून ती बांधावर ऐसपैस बसली.

"एवढं लोखंड पायाखाली असल्यावं माझ्या पोराला कोण बाधतंय? चालू द्या तुमच्या बाकीच्या रेघा."