विशेष नाही

बबिताचं पत्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं होतं. त्या खंडाला माझ्याशिवाय घरात कोणी हात लावत नाही. पत्र आलं त्याला दोन वर्षं झाली. उत्तर मी दिलं नाही.

पत्र लहानसं होतं.

"सर, नमस्कार. मी मोतीबाईची मुलगी बबिता. मला ढाणकीला दिलं आहे. आईचा दवाखान्यातला कागद पेटीत सापडला. त्यावर लिहिलं आहे, 'रुग्ण रडते. लग्नातलं पारंपरिक गाणं म्हणते. विशेष नाही.' सगळे म्हणतात, आई वेडी होती. आता मला झोप येत नाही तर म्हणतात, आईवर गेली. त्या दिवशी खोलीत तुम्ही होता. ती काय बोलली? ती वेडी होती का? एवढंच कळवा. फोन करू नका, फोन यांच्याजवळ असतो. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, त्या पत्त्यावर लिहा."

'विशेष नाही' हे शब्द माझे होते.

तरुणपणी आर्णीजवळच्या एका बंजारा तांड्यावर मी आठ वर्षं शाळा चालवली. तिथं त्यांची गोरबोली शिकलो. पुढं वाचनालयात नोकरी केली. माणसांपेक्षा पुस्तकांशी बोलणं मला सोपं जात आलं आहे. निवृत्तीनंतर दवाखान्यातून निरोप आला की दर गुरुवारी अकोल्याहून समुपदेशक बाई येतात, तांड्यावरच्या बायांचं बोलणं त्यांना मराठीत सांगायला कोणी हवं आहे. मी गेलो. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे मला आवडलं असावं.

सुरभी मॅडम तिशीच्या होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मास्तर, बाईचं दुखणं आधी तिच्या डोक्यात शोधायचं नाही. तिच्या घरात शोधायचं. आणि तिच्याच बोलीत ऐकायचं. खरं तर इथं दुभाषीसुद्धा बाईच हवी होती. मिळाली नाही. तुम्ही वडीलधारे आहात, चालवून घेऊ."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला वाक्यं उतरवायची सवय आहे.

मोतीबाईंना त्यांचे मालक अमरसिंग घेऊन आले होते. बाई खुर्चीवर न बसता भिंतीशी उकिडव्या बसल्या. विचारलं त्यांना की उत्तर अमरसिंग देत.

"रातभर जागीच राह्यते. अंगाची आग होते म्हंते. सैपाकात मीठच टाकत नाय. डोकं फिरलं हाय मॅडम, गोळ्या द्या."

"दादा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. मला ताईंशी बोलायचंय."

"मले बाहेर काहून काढून राह्यले? मी नवरा हाय तिचा. अन् हे मास्तर बसले त चालते?"

"ते दुभाषी आहेत."

"अस्सं!" अमरसिंगांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग बसू द्या. मले वाटलं मानूस हाय."

सुरभी मॅडमना हसू आवरलं नाही. मीही हसलो. दार लागलं.

 मोतीबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या सुरात रडू लागल्या. मी ओळखलं. तो ढावलो होता. लग्न ठरलं की तांड्यातल्या जाणत्या बाया नवरीला हे रडणं शिकवतात. आईला हाक मारत, सूर धरून, नवरी आपलं सगळं दुःख रडून सांगते. एरवी जे बोलायची सोय नसते, ते त्या सुरात बोलता येतं. मी असे कितीतरी ढावलो ऐकले होते, टिपून ठेवले होते.

"याडी ये..." मोतीबाई म्हणत होत्या. आई गं.

"काय म्हणताहेत?" मॅडमनी विचारलं.

आणि मी माहिती द्यायला लागलो. ही फार जुनी रीत आहे. नवरी म्हणते, आई, मला परक्या घरी पाठवू नकोस, त्यापेक्षा विहिरीत लोट. ओळी ठरलेल्या असतात. मी इतका छान समजावून सांगत होतो की बाई पुढं काय म्हणाली ते अर्ध्या कानानं ऐकलं.

अर्ध्या कानानं. पण ऐकलं.

आई गं, गाठ आहे म्हणाले आणि माझी पिशवी काढून नेली. ऊस तोडताना पाळी नको म्हणाले. कागदावर अंगठा त्याचा, पोट माझं. आई गं, बाभळीजवळच्या विहिरीचं पाणी मी काल पाहून आले.

पिशवी, पाळी. हे शब्द मुलीच्या वयाच्या बाईसमोर माझ्या तोंडून निघेनात. मी घसा खाकरला. मॅडमनी पुन्हा विचारलं, "आणखी काही?"

"तेच ते," मी म्हणालो. "विशेष नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मोतीबाईंनी पदर बाजूला केला, डोळे पुसले आणि मोडक्या मराठीत मला विचारलं, "सर, सांगलं का तिले?"

मी मान डोलावली. हो म्हणून.

त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. तो चेहरा मला अजून दिसतो. झोपेच्या गोळ्या घेऊन त्या अमरसिंगांच्या मागे चालत गेल्या.

अकराव्या दिवशी त्या विहिरीत सापडल्या. बाभळीजवळच्याच.

नवरीच्या ढावलोमधल्या विहिरीला जागा नसते. ती कुठलीही विहीर असते. मोतीबाईंच्या विहिरीजवळ बाभूळ होती. एवढा फरक मला कळायला हवा होता. वह्या भरून ठेवल्या होत्या मी.

पुढच्या गुरुवारी सुरभी मॅडमनी विचारलं, "मास्तर, आठवून सांगा. त्या दिवशी माझ्याकडून काही सुटलं का?"

मी म्हणालो, "नाही."

दोन महिन्यांनी त्यांनी ते काम सोडलं. आपल्याला ऐकताच येत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं, असं कंपाउंडर म्हणाला. मीही जाणं बंद केलं. सांगितलं, गुडघे दुखतात.

बबिताच्या पत्राला उत्तर लिहायला मी अनेकदा बसलो. पहिली ओळ सुधारण्यातच कागद संपत. शेवटी वाटलं, इतक्या उशिरा कळून तरी तिला काय मिळणार? हा विचार मला सोयीचा होता.

गेल्या सोमवारी बाजारात एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली. "सर, वळखलं का? मोतीबाईचा संजय."

"बबिता कशी आहे?" मी विचारलं.

"काय सांगू सर. अंगणवाडी सुटली तिची. रातभर बसूनच राह्यते. परवा सासूनं निरोप धाडला, घेऊन जा तुमची येडी. आमचा बापू म्हंते, खानदानीच हाय ते. मायले होतं, पोरीले आलं."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हनू? माय येडीच होती ना सर?"

भाजीची पिशवी माझ्या हातात होती. मी त्याच्याकडं पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"नाही," मी म्हणालो. हा शब्द बाहेर यायला सहा वर्षं लागली. "सध्या कुठं आहे बबिता?"

"ढाणकीलेच. शेजारी त्या अंगनवाडीच्या ताई राह्यतात, त्या तेवढं पाह्यतात."

घरी येऊन मी एका बैठकीत लिहिलं. सुधारलं नाही. मोतीबाई म्हणाल्या ती प्रत्येक ओळ आधी गोरबोलीत लिहिली, खाली मराठीत. पिशवी लिहिलं, पाळी लिहिलं, अंगठा लिहिलं. मग लिहिलं, "तुझी आई वेडी नव्हती. ती नीट सांगत होती. मी पुढं सांगितलं नाही. सांगितलं का, असं तिनं मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो. मॅडमचा दोष नाही. हा कागद कुणालाही दाखव, पोलिसांनाही."

क्षमा हा शब्द लिहिला होता. तेवढा मात्र खोडला. तो तिच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अंगणवाडीच्या ताईंचं नाव, आत बबितासाठी, ढाणकी, तालुका उमरखेड.

"सर, पाठवनाऱ्याचं नाव राह्यलं."

विसरलो नव्हतो. मी पेन मागितलं. सदाशिव गावंडे, जुन्या वाचनालयामागे, आर्णी. अक्षर वाकडं आलं.

"कधी पोचेल?"

"परवा. लई त लई तेरवा."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. परवापर्यंत बबिता तिथं असेल ना, हे विचारावं असं त्या खिडकीत कोणी नव्हतं. माझ्या मागच्या माणसानं हलकेच खांद्याला हात लावला, "सरा बाबा." मी सरलो.